गोंगाटातलं गणित : मुलांना 'टेक्निकल मेटल' का आवडतं?



आपण इथे बहुतेक वेळा कविता, भागाकार, परिसर अभ्यास असे विषय घेतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण घराघरात येऊन पोहोचलेला आहे. मुलगा किंवा मुलगी आठवी-नववीत गेली की कानात इअरफोन येतो. इअरफोनमधून बाहेर झिरपणारा आवाज आईबाबांच्या कानावर पडतो आणि घरात प्रश्न उभा राहतो : हे गाणं आहे की भांडण? ढोल अंगावर कोसळल्यासारखा वाजतोय, गिटार करवतीसारखी चालतेय, गाणारा माणूस गुरगुरतोय आणि मध्येच सगळं थांबून हलकंसं, वेगळंच काहीतरी वाजतंय. ठेका धरावा तर सापडत नाही.

या संगीताला एक्स्ट्रीम मेटल म्हणतात. त्यातल्या अतिशय अवघड, जॅझचा हात लागलेल्या प्रकाराला 'टेक्निकल' म्हणतात. हे सगळ्यांना आवडावं म्हणून हा लेख नाही. आपल्या मुलाला ते का आवडतं हे समजलं, तर त्याच्याशी बोलता येतं. न समजता आपण फक्त "बंद कर ते" म्हटलं, तर गाणं बंद होत नाही, बोलणं बंद होतं. म्हणून हा प्रपंच.

१. आधी शब्द समजून घेऊ

मेटल : याची सुरुवात साधारणपणे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरातल्या ब्लॅक सब्बाथ या बँडपासून धरतात. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० साली आली. बर्मिंगहॅम हे कारखान्यांचं गाव. बँडचा गिटारवादक टोनी आयोमी स्वतः पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता आणि तिथल्या अपघातात त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. त्याने बोटांना प्लास्टिकच्या टोप्या बसवल्या आणि वाजवणं सोडलं नाही. पुढे तो तारा सैल ठेवून वाजवू लागला. त्यातून जो खालचा, जड आवाज निघाला तो मेटलची ओळख बनला.

एक्स्ट्रीम मेटल : १९८० च्या दशकात हेच संगीत आणखी वेगवान आणि आणखी कठोर झालं. मिनिटाला २०० पेक्षा जास्त ठोक्यांची लय, दोन्ही पायांनी वाजणारा मोठा ड्रम आणि गुरगुरता आवाज. ही गुरगुर म्हणजे नुसतं ओरडणं नाही. आपल्या स्वरतंतूंच्या वर आणखी दोन घड्या असतात. त्यांचा वापर करून हा आवाज काढतात आणि त्याचं शिक्षण घ्यावं लागतं. घरी बसून नक्कल केली तर घसा बसतो, हे मुलांना जरूर सांगा.

जॅझ : अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्स शहरात घडवलेलं संगीत. आपल्याला समजायला सोपं जावं म्हणून असं म्हणू : जसा ख्यालगायक बंदिश धरून त्यातून जागच्या जागी नवीन काही काढत जातो, ज्याला आपण उपज म्हणतो, तसं जॅझचा वादक मूळ धून धरून त्या क्षणी सुचेल ते वाजवतो. राग-ताल वेगळे, पण वृत्ती तीच.

२. हे दोघं एकत्र आले कसे?

वरवर पाहता जॅझ म्हणजे कोट घातलेले वादक आणि मेटल म्हणजे केस मोकळे सोडलेली पोरं. पण नातं सुरुवातीपासून आहे. ब्लॅक सब्बाथचा ड्रमवादक बिल वॉर्ड हा जुन्या जॅझ ड्रमवादकांचं ऐकूनच तयार झाला होता.

दुसरी गोष्ट म्हणजे जॅझलाही एकेकाळी "हा काय गोंगाट" असंच म्हटलं गेलं. १९४० च्या दशकात चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी यांनी जॅझ इतकं वेगवान आणि अवघड केलं की नाचायला आलेल्या लोकांना त्यावर नाचताच येईना. १९६० च्या सुमारास ऑर्नेट कोलमनने ठरलेल्या चौकटीच मोडल्या. पुढे १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन झॉर्नने याच कोलमनच्या रचना अतिवेगवान, आक्रमक रॉकच्या पद्धतीने वाजवून त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. त्याच्या 'नेकेड सिटी' या गटात तर एकाच मिनिटात जॅझ, सिनेमातलं पार्श्वसंगीत आणि किंकाळ्या असं सगळं येतं.

मेटलच्या बाजूने हा प्रवास अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात झाला. तिथल्या 'डेथ' या बँडची १९९१ ची 'ह्यूमन', त्याच वर्षीची 'एथिइस्ट' या बँडची 'अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स' आणि १९९३ ची 'सिनिक' या बँडची 'फोकस' या तीन ध्वनिमुद्रिका त्यातल्या मैलाच्या दगडासारख्या. त्यानंतर १९९८ मध्ये कॅनडाच्या 'गोरगट्स'ची 'ऑब्स्क्युरा' आली आणि १९९९ मध्ये न्यू जर्सीच्या 'द डिलिंजर एस्केप प्लॅन'ची 'कॅल्क्युलेटिंग इन्फिनिटी'. या शेवटच्या बँडच्या प्रकाराला चाहते 'मॅथकोर' म्हणतात. मॅथ म्हणजे गणितच. स्वीडनच्या 'मेशुगा' या बँडच्या गिटारवादकावर तर ॲलन होल्ड्सवर्थ या जॅझ-फ्यूजन वादकाचा उघड प्रभाव आहे.

आता आपल्याला जवळची वाटेल अशी गोष्ट. जॅझ आणि रॉक यांचं मिश्रण म्हणजे फ्यूजन. ते गाजवणाऱ्यांत जॉन मॅक्लॉफलिन हे मोठं नाव. १९७१ मध्ये त्यांनी गट काढला त्याचं नाव 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा'. त्यांनी भारतीय संगीताचा अभ्यास केला होता आणि विषम मात्रांची वळणं त्यांच्या वादनात भरपूर आहेत. पुढे मुंबईच्या उस्ताद झाकीर हुसेन यांच्यासोबत त्यांनी 'शक्ती' हा गट केला. म्हणजे टेक्निकल मेटल वाजवणारी मुलं ज्या फ्यूजनवर वाढली, त्या फ्यूजनने आपल्या तालाचं पाणी आधीच प्यायलेलं होतं. परकं वाटणारं सगळंच परकं नसतं.

३. आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट

मुंबईला जॅझ नवीन नाही. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला होता. गोव्याहून आलेल्या वादकांनी ते संगीत आत्मसात केलं आणि तेच वादक हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले. संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे आपले चितळकर. त्यांच्या १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटातली उडती गाणी आपल्या आजी-आजोबांना पाठ होती. त्या चित्रपटात शिक चॉकलेट हे गोव्याचे ट्रंपेटवादक आपल्या बँडसह दिसतातसुद्धा. म्हणजे जॅझ आपल्या घरात केव्हाच येऊन गेलंय, आपण फक्त त्याला जॅझ म्हणत नव्हतो.

मुंबईत धोबी तलावाजवळ रंगभवन नावाचं खुलं नाट्यगृह होतं. १९७८ मध्ये तिथे 'जॅझ यात्रा' हा महोत्सव झाला, त्यात सॉनी रोलिन्ससारखा मोठा सॅक्सोफोनवादक वाजवून गेला. पुढे 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सवही त्याच मंचावर अनेक वर्षं भरला, आणि मुंबईच्या रॉक-मेटल वाजवणाऱ्या पोरांची एक पिढी तिथे घडली. एकच मंच, एकदा जॅझ आणि एकदा रॉक. नंतर शांतता क्षेत्राच्या नियमामुळे तिथले कार्यक्रम थांबले.

आजही महाराष्ट्रात हे संगीत वाजवणारे आहेत. मुंबईचा 'डिमॉनिक रेझरेक्शन' हा बँड २००० साली सुरू झाला. २०१४ मध्ये तो जर्मनीतल्या वाकेन या मेटलच्या मोठ्या महोत्सवात वाजवून आला. २०१७ मध्ये त्यांनी जी ध्वनिमुद्रिका काढली तिचं नाव आहे 'दशावतार', आणि गाण्यांची नावं मत्स्य, कूर्म, वराह अशी. या बँडचा गायक साहिल मखिजा इंटरनेटवर स्वयंपाकाचे व्हिडिओसुद्धा करतो. हे मुद्दाम सांगते, कारण गुरगुरणारा माणूस म्हणजे वाया गेलेला माणूस असं आपल्या मनात पटकन येतं. मुंबईचेच 'भयानक मौत' आणि 'गटस्लिट' हे बँडही मेटल ऐकणाऱ्यांना माहीत आहेत. आणि जॅझ-फ्यूजन आणि टेक्निकल मेटल यांचं थेट मिश्रण ऐकायचं असेल तर विशाल जे. सिंग या गिटारवादकाच्या 'अमोघ सिंफनी'ची २०१० ची 'द क्वांटम हॅक कोड' आहे.

४. गोंधळ की गणित?

आता मुख्य मुद्दा. हे संगीत ऐकताना ठेका का सापडत नाही?

साधं उदाहरण घेऊ. पायाने १-२-३-४, १-२-३-४ असा ठोका धरा. हाताने मात्र १-२-३, १-२-३ अशा टाळ्या द्या, आणि 'एक'वर जोरात. सुरुवात एकत्र होते, लगेच दोघं सुटतात आणि बरोबर १२ मात्रांनंतर १३ व्या मात्रेवर पुन्हा एकत्र येतात. का? कारण ३ आणि ४ चा लसावि १२ आहे. हाच तो लसावि, जो आपण सहावीला फळ्यावर शिकवतो आणि मुलं विचारतात, "याचा उपयोग काय?"

मेशुगासारखे बँड हेच करतात, फक्त आकडे मोठे. ड्रमवादकाची एक झांज सरळ चारचारची मात्रा धरून चालते, आणि गिटार व पायाचा ड्रम मिळून समजा ७ मात्रांचा तुकडा पुन्हापुन्हा वाजवतात. आपला कान एकाच वेळी दोन घड्याळं ऐकतो. पुष्कळदा ते लसावि येईपर्यंत थांबत नाहीत. ३२ मात्रा झाल्या की तुकडा कापून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात : ७ + ७ + ७ + ७ + ४ = ३२. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटतं, सगळं विस्कटलं. आतून मोजणाऱ्याला माहीत असतं, आता ४ चा छोटा तुकडा येणार आणि पुन्हा जुळणार.

तबल्यातली तिहाई आठवा. एक तुकडा तीनदा वाजतो आणि शेवटचा ठोका नेमका समेवर येतो. तीनतालाच्या १६ मात्रा. ५ मात्रांचा तुकडा असेल तर तो तिसऱ्या मात्रेवर सुरू करायचा : ३ ते ७, ८ ते १२, आणि १३ ते १७. सतरावी म्हणजेच पुढच्या आवर्तनाची पहिली, सम! मधल्या वेळात ऐकणाऱ्याला वाटतं ताल सुटला, आणि सम आली की सगळे "वाः" म्हणतात. टेक्निकल मेटल ऐकणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर मध्येच जे हसू येतं ना, ते याच समेचं असतं.

आमच्या शाळेतून सातवी पास होऊन गेलेला एक मुलगा गावच्या भजन मंडळात खंजिरी वाजवायचा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांमुळे आपल्या वर्धा-अमरावती भागात खंजिरी घरोघरी पोहोचलेली. शहरात शिकायला गेल्यावर हा मुलगा मेटल ऐकू लागला. त्याचे वडील एकदा भेटले तेव्हा काळजीनेच म्हणाले, "मॅडम, हे पोट्टं दिवसभर कानात घालून काय आयकते, तुम्हीच पाहा. मले तं काई समजत नाही." दिवाळीच्या सुट्टीत तो शाळेत आला तेव्हा मी त्याला एवढंच विचारलं, "यातली सम कुठे आहे रे?" त्याने इअरफोनची एक बाजू मला दिली आणि बाकावर बोटांनी सात-सात मोजत दाखवायला लागला. दोनदा मी चुकले, तिसऱ्यांदा सापडली. मग त्याने वडिलांनाही खंजिरीवर तोच तुकडा वाजवून दाखवला. वडिलांना गाणं आवडलं नाहीच. पण "हे पोट्टं काहीतरी मोजते" एवढं त्यांना पटलं, आणि मला वाटतं तेवढं पुरे होतं.

५. मग आवडतं कशामुळे?

(१) अंदाज बांधण्याचा आनंद. संगीत ऐकताना आपला मेंदू सतत पुढचा अंदाज बांधत असतो. साध्या गाण्यात अंदाज नेहमी बरोबर येतो. या संगीतात तो चुकतो, पुन्हा ऐकलं की थोडा बरोबर येतो, दहाव्यांदा पूर्ण बरोबर येतो. कोडं सुटल्याचा आनंद असतो तो. म्हणून ही मुलं एकच गाणं शंभरदा ऐकतात.

(२) कौशल्याचं कौतुक. मल्लखांबावर मुलगा उलटा लटकतो तेव्हा आपण श्वास रोखतो. इथेही तसंच. एवढ्या वेगात चार माणसं एकाच क्षणी थांबतात, वळतात, पुन्हा सुरू होतात. वर्षानुवर्षांचा सराव त्यामागे आहे हे मुलाला कळतं.

(३) विरोधाची गंमत. प्रचंड गदारोळातून अचानक शांत जॅझचा तुकडा येतो. दुपारच्या उन्हातून कडुनिंबाच्या सावलीत यावं तसा. सावली गोड लागते कारण आधी ऊन होतं.

(४) रागाला वाट. किशोरवयात राग, गोंधळ, अस्वस्थता खूप असते आणि शब्द कमी पडतात. आतल्या गदारोळासारखं काही बाहेर ऐकू आलं तर बरं वाटतं. आपल्याकडेही पोळ्याच्या तोरणाखाली झडत्या ओरडून म्हणतात, त्यात एक मोकळेपणा असतोच ना?

(५) स्वतःचं काहीतरी. जे सगळ्यांना आवडतं ते आपलं वाटत नाही. जे थोड्यांना कळतं ते आपलं वाटतं. या वयात ही गरज मोठी असते.

६. पालकांच्या तीन शंका

शंका पहिली : याने मुलगा हिंसक होईल का?

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एक्स्ट्रीम संगीत ऐकणाऱ्या १८ ते ३४ वयाच्या ३९ जणांना आधी राग येईल अशा आठवणी सांगायला लावल्या. मग काहींना त्यांचं आवडतं संगीत ऐकू दिलं, काहींना शांत बसवलं. संगीत ऐकणाऱ्यांचा राग वाढला नाही. शांत बसलेल्यांप्रमाणेच त्यांचीही चिडचिड कमी झाली. ऑस्ट्रेलियातल्याच मॅक्वारी विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात असं दिसलं की डेथ मेटलचे चाहते हिंसक चित्रांबाबत बधिर झालेले नव्हते, इतरांसारखेच ते अशा चित्रांकडे सावध होत होते. हे अभ्यास छोटे आहेत आणि मोठ्या माणसांवरचे आहेत, एवढं लक्षात ठेवून ते वाचायचे. पण "ऐकलं की बिघडलं" असं सरळ गणित त्यातून निघत नाही.

मात्र एक खरं बोलायला हवं. काही बँडचे शब्द आणि मुखपृष्ठं खरोखर बीभत्स असतात. ती लहान मुलांसाठी नाहीतच. शब्द काय आहेत, ते का लिहिले असतील, हे मोठ्या मुलासोबत बसून वाचा. प्राथमिकच्या वर्गात हे संगीत वाजवू नका. तिथे तिहाई पुरेशी आहे.

शंका दुसरी : काळजी केव्हा करायची?

गाण्यावरून नाही, मुलावरून ओळखा. झोप उडाली आहे का, जेवण कमी झालंय का, मित्र तुटलेत का, आधी आवडणाऱ्या गोष्टी सोडल्यात का, स्वतःला इजा करण्याचं बोलतोय का? यातलं काही दिसलं तर तो भजन ऐकत असला तरी काळजी करा आणि डॉक्टरांचा किंवा समुपदेशकाचा सल्ला घ्या. यातलं काही नसेल, तर गाणं हे गाणं आहे.

शंका तिसरी : कानाचं काय?

ही शंका सगळ्यात खरी, आणि तीच आपण कमी विचारतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार मोठ्यांनी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा, मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. आवाज वाढला की सुरक्षित वेळ झपाट्याने कमी होतो. मोबाईलमध्ये आवाजाची मर्यादा घालून देता येते, ती मुलासमोर बसून घाला. आणि हो, हा नियम मिरवणुकीतल्या डीजेलाही लागू आहे. डीजेसमोर लेकराला खांद्यावर घेऊन नाचायचं आणि घरी इअरफोनवरून रागवायचं, हे मुलांच्या लक्षात येतं.

७. वर्गात करून पाहा

१९३७ च्या ऑक्टोबरात आपल्या वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि हाताने काम करत शिकण्याचा विचार, म्हणजे नई तालीम, देशासमोर आला. त्यासाठीच्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन होते. (तबलावादक नव्हेत, पुढे राष्ट्रपती झालेले!) हाताने शिकलेलं डोक्यात राहतं, हे आपल्या मातीतलंच तत्त्व आहे. म्हणून हे तीन उपक्रम, साहित्य काहीही लागत नाही.

उपक्रम १ (पाचवी, विभाज्य) : वर्गाचे दोन गट करा. एक गट दर ३ मात्रांनी टाळी देईल, दुसरा दर ४ मात्रांनी बाकावर थाप. पहिल्या मात्रेवर दोघं एकत्र वाजवतील. पुन्हा एकत्र कधी आले ते मुलांनी मोजायचं. नंतर ४ आणि ५ घ्या. २० मात्रांनंतर, म्हणजे एकविसाव्या मात्रेवर आवाज एकत्र आला की वर्ग आपोआप ओरडतो, सांगावं लागत नाही.

उपक्रम २ (सहावी, लसावि) : फळ्यावर आधी उत्तर काढा, मग टाळ्यांनी पडताळा. ४ आणि ६ जरूर घ्या. मुलं म्हणतात २४, टाळ्या सांगतात १२. लसावि म्हणजे नेहमी गुणाकार नाही, हे कानाने कळतं.

उपक्रम ३ (सातवी, बेरजेच्या मांडण्या) : १६ मात्रा भरायच्या आहेत, तुकडे ३, ४ आणि ५ चेच. किती प्रकारे भरता येतात? ५ + ५ + ३ + ३, ४ + ४ + ४ + ४, ३ + ३ + ३ + ३ + ४... प्रत्येक गटाने आपली मांडणी वाजवून दाखवायची. क्रम बदलला की बेरीज तीच राहते, पण ठेका बदलतो, याचं मुलांना फार आश्चर्य वाटतं.

समारोप

ज्याला आपण गोंधळ म्हणतो, तो पुष्कळदा आपल्याला न कळलेला क्रम असतो. पहिलीत आलेल्या लेकराला छापील पानसुद्धा गोंधळच वाटतं. आपण त्याला ओरडत नाही, शेजारी बसतो आणि एकेक अक्षर दाखवतो. मोठ्या झालेल्या मुलाच्या बाबतीत जागा बदलते एवढंच. आता अक्षर दाखवणारा तो असतो आणि शिकणारे आपण.

तेव्हा पालकहो, एकदा त्याच्या शेजारी बसा. आवाज कमी करायला सांगा आणि विचारा, "यात सम कुठे आहे?" नाही सापडली तर तो पुन्हा लावून दाखवेल. आणि शिक्षक मित्रमैत्रिणींनो, टाळ्यांचा लसावि तुमच्या वर्गात करून पाहिलात तर मुलांनी काय काय मांडण्या काढल्या ते जरूर कळवा.